दहा किलोचा कॉम्प्युटर

आमच्या घरातला पहिला कॉम्प्युटर आम्ही एका लग्नात आहेर म्हणून दिला. चुकून दिला, पण दिला! खोक्याला सुतळी बांधून, "आमच्याकडे पातळ पत्रा मिळत नाही" असं वर ऐकवून दिला. आणि हे सगळं करणारा हुशार माणूस म्हणजे मीच.

नारायणगावात आमचं भांड्यांचं दुकान. आजोबा राजस्थानातून आले, इथलेच झाले, आणि तेव्हापासून आमच्या घरात प्रत्येक वस्तू भांड्याच्या मापात मोजतात. माझी मुलगी जन्मली तेव्हा बाबूजींनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नातेवाइकांना कळवलं होतं, "मोठ्या तांब्याएवढी आहे." अशा घरात मला लग्नाच्या शूटिंगचा नाद लागला. मोबाइल नुकते हातात यायला लागले होते ते दिवस. शूटिंग मी करायचो, पण कापाकापीसाठी कॅसेटी पुण्याला द्याव्या लागत आणि त्या सहा-सहा महिने तिकडेच मुक्काम करत. म्हणून मी बाबूजींकडे कॉम्प्युटरचा विषय काढला. चांगला तगडा, व्हिडिओचं काम दणकून करणारा.

बाबूजींनी फार विचार केला नाही. कुकरच्या रांगेतला एक खण त्यांनी रिकामा केला. "हा खण तुझा. यात बसेल तेवढा तुझा धंदा. नाही चालला, तर कुकर परत लावायचे आणि तू गल्ल्यावर बसायचं. कबूल?"

"कबूल!" मी म्हणालो. (खण मोजला नंतर.)

पुण्याच्या दुकानात कपाटाएवढाली कॅबिनेटं उभी होती. ज्यात कॉम्प्युटरचं सगळं सामान बसवतात ती पेटी म्हणजे कॅबिनेट. विक्रेता मुलगा मोठा उत्साही होता.

"व्हिडिओसाठी ना साहेब? मग हे मोठंच घ्या. तगडं मशीन तापतं. आत हवा खेळली पाहिजे."

"मला लहान पाहिजे."

"किती लहान?"

मी पिशवीतून कुकर काढून काउंटरवर ठेवला. आमच्या खणात बरोबर बसणारा कुकर होता तो. "याच्याहून मोठं चालणार नाही," मी म्हणालो.

त्या मुलानं आतल्या सगळ्यांना बाहेर बोलावलं. मग पुढचा तासभर ते एकेक कॅबिनेट आणून कुकरशेजारी ठेवत होते आणि मी मुलगी पाहायला आल्यासारखा माना हलवत होतो. एक बुटकं होतं, पण अंगानं भारी. एक अंगानं बेताचं होतं, पण त्यात माझं व्हिडिओचं कार्डच मावेना. एक सगळ्या बाबतीत पसंत पडलं, तर त्याचा रंग जांभळा! बाबूजींनी मला त्याच्यासकट पायरीवरूनच परत पाठवलं असतं. शेवटी कुणीतरी माळ्यावरून एक चौकोनी पेटी काढली. ॲल्युमिनियमची, चांदीसारखी लखलखीत, वर उचलायला कडी, बाजूला भोकं. कुकरशेजारी ठेवली तर सख्खी भावंडं वाटावीत!

"यात तुमचं सगळं बसेल," मुलगा म्हणाला. "पण कसंबसं. त्यानंतर आत एक वायरसुद्धा जास्तीची मावणार नाही, आधीच सांगतो."

"मला जास्तीचं काही घालायचंच नाही," मी म्हणालो.

घरी बाबूजींनी पेटीवर नखानं टिचकी मारली, कान लावला आणि विचारलं, "किती किलोचा डबा?"

"बाबूजी, हा डबा नाही. कॉम्प्युटर आहे."

"ते ठीक. पण गहू भरले तर?"

"...दहा किलो बसतील."

"मग दहा किलोचा. पण पत्रा ॲल्युमिनियमचा दिसतो. आंबट काही घालू नको यात."

सामान बसवताना माझी बायको ममता नसती, तर तो धंदा तिथंच आटोपला असता. माझा हात त्या पेटीत मनगटापर्यंत जायचा आणि अडकायचा. ममतानं बांगड्या काढल्या, हात आत घातला आणि लोणच्याच्या बरणीच्या तळातली फोड काढावी तशा सगळ्या वायरी जिथल्या तिथं लावल्या. मागची एक पट्टी मी हवेसाठी उघडी ठेवली. बटण दाबलं, पंखा फिरला आणि मी स्वतःच्या निवडीवर बेहद्द खूश झालो. येईल त्याला सांगायचो, "बघा! कुणी म्हणेल का, हा कॉम्प्युटर आहे म्हणून?"

पेटीच्या कडीचा मोठाच फायदा होता. तेव्हा लाईटचा भरवसा नव्हता. दुकानात असली की वारूळवाडीला घरी नसायची, आणि घरी आली की दुकानातली जायची. मी जुने स्क्रीन दोन्हीकडे ठेवले होते आणि पेटी स्कूटरवर इकडून तिकडे न्यायचो. धूळ बसू नये म्हणून दहा किलोच्या डब्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात घालायचो. इतकी तंतोतंत बसायची! (या तंतोतंतपणाचं मी लोकांना प्रात्यक्षिकही दाखवत असे. देव बघत होता.)

त्या पेटीतलं पहिलं काम होतं आमच्या शेजारच्या नामदेवभाऊंच्या मुलीच्या लग्नाचं. नामदेवभाऊंची थोडी शेती आणि एक जीप. लग्नाच्या दिवशी नवऱ्याकडची काही मंडळी ओतूरला खोळंबली, म्हणून हा भला माणूस स्वतःच जीप घेऊन त्यांना आणायला गेला आणि येताना टायर फुटला. पाहुण्यांना घेऊन मांडवात पोचला तेव्हा अक्षता पडून पंगती बसल्या होत्या. पोटच्या पोरीचं लग्न लागलं आणि बापानं ते पाहिलंच नाही! त्यांना आता मीच ते दाखवणार होतो. रोज संध्याकाळी दुकानात यायचे, पेटीकडे बोट करायचे आणि विचारायचे, "ह्यातच हाय न्हवं माझ्या पोरीचं लगीन?"

"ह्यातच आहे, भाऊ."

"लई बारीक जागेत बसवलंस रं!"

आणि खरोखर ते फक्त त्यातच होतं. कारण मूळ कॅसेटी मी काटकसर म्हणून पुढच्या लग्नाला वापरून टाकल्या होत्या.

तर तो दिवस. दाट लग्नतिथीचा, दुकानात पाय ठेवायला जागा नाही. अकराला लाईट गेली. मी पेटी खोक्यात घातली आणि घरी न्यायला गल्ल्याशेजारी ठेवली. तेवढ्यात बबनमामा म्हणून एक गिऱ्हाईक आलं. भाचीचं डिंभ्याला संध्याकाळचं लग्न. दहा किलोचा डबा पसंत करून बाबूजींना दाखवला. बाबूजींनी तो खोक्यात घालून गल्ल्याशेजारी ठेवला आणि मला ओरडून सांगितलं, "प्रकाश, मामांचा डबा बांधून दे!"

"नाव घालायचं का डब्यावर?" मी विचारलं.

"नगं, नगं! गाडी सुटंल, आन दुसरी कवा येईल त्याचा नेम न्हाई."

मी हाताला लागलं ते खोकं उचललं, सुतळी बांधली आणि दिलं. मामांचा हात खाली गेला. "आयला! लई जड हाय राव!"

"मामा, आमच्याकडे पातळ पत्रा मिळत नाही," मी छाती काढून म्हणालो.

"याला म्हन्त्यात माल!" मामा खूश होऊन गेले.

दुपारी गर्दी ओसरली. घरी न्यायला मी खोकं उचललं, तर ते हलकं! उघडलं, तर आत डबा. खराखुरा, स्टीलचा. मी झाकण काढून त्याच्या आतसुद्धा पाहिलं. माणूस अशा वेळी काय करेल काही नेम नाही!

"बाबूजी! कॉम्प्युटर डिंभ्याला गेला!"

बाबूजी उभे राहिले. "म्हणजे गिऱ्हाइकाला चुकीचा माल गेला?" आमच्या बाबूजींना कॉम्प्युटर गेल्याचं काही वाटलं नाही. मामांना मांडवात डब्याविना उभं राहावं लागणार, या विचारानं त्यांनी गल्ल्याला कुलूप घातलं. तिकडे डिंभ्याच्या दिशेनं संध्याकाळपर्यंत एसटी नव्हती. राहिली एकच जीप. कुणाची ते तुम्हाला कळलंच असेल.

"माल बदललाय, भाऊ," एवढंच मी नामदेवभाऊंना सांगितलं. बाबूजी खरा डबा मांडीवर घेऊन पुढं बसले. मी मागं. मंचर गेलं, घोडेगाव आलं, आणि नामदेवभाऊ आरशातून माझ्याकडे बघत म्हणाले, "प्रकाशशेठ, आमच्या लग्नाची ती व्हिडिओची शिडी कवा देताय? मंगळवारी पोरगी यायचीय. म्हनलं, तिच्यासंगं बसून बगू."

"होत आली, भाऊ... जवळच आहे आता..."

बाबूजी खिडकीबाहेर बघायला लागले.

आम्ही मांडवात शिरलो तेव्हा लग्न लागलं होतं आणि माईकवर आहेर पुकारणं चाललं होतं. "आत्याकडून पाच भांडी! चुलत्याकडून कपाट! नवरीचे मामा बबनराव यांच्याकडून..." माईकवाला थांबला. वाकून बघितलं. परत बघितलं. "...मामांकडून एक वस्तू!"

वस्तूभोवती बायकांचा गराडा होता. पेटीला हळदकुंकू लावलेलं.

"झाकानच उघडंना गं!"

"कांदं ठेवायला आसंल. भोकं न्हाई का हवंला?"

"पुन्याकडं निगालं आसंल नवीन," एक म्हातारी म्हणाली.

आणि बबनमामांची बायको, म्हणजे नवरीची मामी, कौतुकानं सांगत होती, "पोरीला रिकामं भांडं कसं द्यावं? पर झाकान उघडंल तर शप्पत! मग म्या भोकातनं तांदूळ घातलं, आन मागच्या फटीतनं पाच सुपाऱ्या, हळकुंड आन एक रुपाया."

मी बाबूजींचा खांदा धरला. बाबूजी मात्र पुढं झाले, मामांपुढे हात जोडले आणि डबा पुढे केला. "मामा, चूक आमच्या दुकानाची. तुमचा माल हा आहे. तो आम्हाला परत द्या."

बबनमामा लालेलाल झाले. "भर मांडवातनं आहेर माघारी? शेठ, शोभतं का ह्ये? माझी काय इज्जत ऱ्हाईल?"

चार माणसं मामांच्या बाजूनं सरसावली. मी "हार्डडिस्क" वगैरे काहीतरी बोलायला लागलो, तर कुणी ऐकेना. तेवढ्यात मागून नामदेवभाऊ आले. त्यांनी पेटी पाहिली आणि जागीच थांबले. रोज संध्याकाळी बघत होते, ओळखणार नाहीत तर काय!

"आरं... ह्यात माझ्या पोरीचं लगीन हाय!"

नामदेवभाऊ मामांना म्हणाले, "पावणं, टायर फुटला व्हता माझा. अक्षता पडल्या तवा म्या रस्त्यावं. अजून पाह्यलं न्हाई म्या लगीन. काय आसंल ते ह्या डब्यात हाय."

मामा खाली बघायला लागले. आणि मग ती नवरी, मुंडावळ्या बांधलेली, शालू सावरत खाली वाकली. तिनं पेटी कडीला धरून उचलली आणि नामदेवभाऊंच्या हातात दिली. "न्या काका. आन आदी तुमी बगा."

तिच्या वडिलांनी तिकडं तोंड फिरवून उपरण्यानं डोळे पुसले. माझ्याकडे उपरणं नव्हतं, म्हणून मी बाहीनं पुसले. त्या मुलीचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. पण मामीनं सोडलं नाही! "तांदूळ आतच ऱ्हाऊ द्या. रिकामं न्यायचं न्हाई. आन जेवल्याबिगर तर हलायचंच न्हाई." आम्ही चुकीचा माल विकून वर पंगतीला बसलो आणि मामांनी स्वतः आग्रह करून मला जिलेबी वाढली!

परत येताना पेटी बाबूजींच्या मांडीवर होती. नामदेवभाऊंनी जीप इतकी हळू हाकली, की घोडेगावजवळ एका बैलगाडीवाल्यानं आम्हाला मागं टाकून वळून बघितलं.

घरी पेटी परातीत ठेवून उघडली. भात लावता येईल एवढे तांदूळ निघाले! सुपाऱ्या निघाल्या, हळकुंड निघालं, पण रुपया काही निघेना. तो आत राहिला आणि आपण बटण दाबलं, तर सगळं जळणार. नामदेवभाऊ भिंतीला टेकून उभे. ममतानं पुन्हा बांगड्या काढल्या. चाचपडली, थांबली, डोळे मिटले आणि हार्डडिस्कच्या खालून दोन बोटांत रुपया धरून बाहेर काढला. मला त्या क्षणी तिच्या पाया पडावंसं वाटलं. (बाबूजी समोर होते म्हणून राहिलं.)

मी बटण दाबलं. पंख्यातून "खर्रर्र" आवाज आला. पंख्यानं तांदळाचा एक दाणा बाहेर थुंकला आणि स्क्रीन उजळला.

मंगलाष्टकं सुरू झाली. अंतरपाटाच्या अलीकडे नामदेवभाऊंची लेक, मान खाली घालून. ते स्क्रीनच्या इतके जवळ गेले की नाक टेकेल. "सावधान" झालं, पडद्यावर माणसांचे हात वर गेले आणि नामदेवभाऊंनी परातीतले मूठभर तांदूळ उचलून स्क्रीनवर टाकले. मग बाबूजींनी टाकले. ममतानं, मी, सगळ्यांनी टाकले. नामदेवभाऊ रडत होते आणि हसत होते. "पडल्या गं बाय माझ्या बी अक्षता," एवढंच ते म्हणाले.

त्या पेटीनं मला पुष्कळ दिलं. माणसं कशी असतात हे दाखवलं. जिच्यात एक वायर जास्तीची मावणार नव्हती, तिच्यात पाहुण्यांनी भातापुरते तांदूळ कसे बसवले, हे कोडं मात्र मला आजही सुटलेलं नाही.

पुढच्याच आठवड्यात डिंभ्याहून तिघी जणी दुकानात आल्या. "शेठ, तसला भोकांचा डबा द्या. कांद्याला." बाबूजींनी मान डोलावली आणि कारागिराकडून भोकांचे स्टीलचे डबे करून घेतले. ते ठेवायला जागा नव्हती, म्हणून माझा खण घेतला. माझा शूटिंगचा धंदा चार वर्षांत बसला. डबा अजून खपतो, आणि मी गल्ल्यावर बसून तो विकतो.