बाईच्या मापाचे शिकारी बूट

पहिल्या पावसाळ्यात डोंगरावरच्या त्या गावात मी पोचलेच नाही. नाल्याच्या पुरानं अडवलं असतं तर एवढं मनाला लागलं नसतं. मला अडवलं बांबूच्या एका खुंटानं. बांबू तोडणारे तिरपा घाव घालतात. मागे जमिनीत वीतभर खुंट राहतो आणि त्याचं टोक सुरीसारखं धारदार असतं. गवतात तो दिसत नाही. माझ्या पायात रबरी चप्पल होती. खुंट चप्पल फोडून तळव्यात घुसला, आणि सोबतच्या माणसानं मला पाठंगुळीला घेऊन खाली आणलं.

अहेरीच्या पलीकडे एका उपकेंद्रात मी तेव्हा नर्स होते. वरच्या त्या गावात एक सून माझी वाट पाहत होती. तिचं पहिलं बाळ जन्मताच गेलं होतं, म्हणून दुसऱ्या वेळी मी येईन असा तिला शब्द दिला होता. मी गेले नाही. दुसरंही राहिलं नाही. हे कळलं तेव्हा मी उपकेंद्राच्या खाटेवर पाय उशीवर ठेवून पडले होते. इतका राग आला, की तो कुणावर काढावा तेच समजेना. देवावर काढावा म्हटलं तर आम्ही बौद्ध, आमच्यात तीही सोय नाही.

पुढच्या उन्हाळ्यात ती सून सासूसोबत अहेरीच्या बाजारात दिसली. पुन्हा दिवस गेले होते. कधीचं आहे विचारलं तर म्हणाली, पोळ्याच्या आगंमागं. म्हणजे ऐन पावसात. उन्हाळ्यात त्या गावाला मागच्या बाजूनं जीप जायची, पण पाऊस लागला की तो रस्ता बंद, आणि मग खिंडीची पायवाट तेवढी उरायची. तिनं माझ्या पायाकडे पाहिलं आणि सासूच्या मागे चालू लागली. चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. मी तिथंच ठरवलं, या वेळी काहीही होवो, मी वर जाणार.

आता जायचं तर पायात काय घालायचं? डॉक्टर म्हणाले गमबूट घाला. त्यांचं काय जातं सांगायला, ते टेबलाशी बसतात. गमबूट नाल्यात वरून भरतो आणि मग प्रत्येक पायात बादली घेऊन चढायचं. कापडी बूट एका पावसाळ्यात कुजतात, आणि खुंटापुढे कापड ते काय टिकणार. मला चामड्याचे हवे होते, घोट्याच्या वर येणारे. दुकानात तसे होते ते पुरुषांच्या मापाचे. दुकानदार म्हणाला, समोर कापूस कोंबा. मी म्हटलं, तुझ्या डोक्यात कोंब, आणि बाहेर पडले.

सुट्टीत ब्रह्मपुरीला आईकडे आले होते. तिथल्या बाजारात एक म्हातारे मुसलमान कारागीर बसायचे, सगळे त्यांना चाचा म्हणायचे. शिकार बंद व्हायच्या आधी त्यांनी डोंगरात जाणाऱ्या शिकाऱ्यांचे बूट शिवले होते. आता चपलांचे अंगठे लावत होते. मी म्हटलं, "चाचा, मले शिकारी बूट पायजे."

"साहेबाचं माप आणलं का?"

"साहेब नाई. माझंच."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "शेर मारता का बाई?"

"मारीन. आधी बूट तर शिवा."

हसले, पण कामाला लागले. माप मात्र तेव्हा घेतलं नाही. म्हणाले, दिवसभर बाजारात फिरा आणि मग या, सकाळचा पाय लहान असतो. मी फिरून आले तर वर जाड मोजा घालायला लावला, जुन्या वर्तमानपत्रावर पाय ठेवून भोवती पेन्सिल फिरवली आणि बोटांपुढे बरीच जागा सोडली. मी म्हटलं, ढिले होतील. "चढताना नाई समजत. उतरताना बोटं पुढं आपटतेत आन् नखं काळी पडतेत." तळाला ट्रकच्या टायरचं रबर घालायचं ठरलं. लोखंडी खिळे नकोत, कारण ओल्या दगडावर ते घसरतात आणि गंज चढला की आतून पायात येतात. म्हणून सगळी शिलाई मेण लावलेल्या दोऱ्याची. बुटाची जीभ दोन्ही बाजूंनी शिवून टाकली, म्हणजे वरून पाणी आलं तरी आत शिरायला फट नाही. यातल्या अर्ध्या गोष्टींवर मी त्यांच्याशी भांडले. नाड्यांच्या बाबतीत मी जिंकले, त्यांनी चामडी घातल्या होत्या, मी सुती लावून घेतल्या.

बूट घालून पाहिले तर एक गोष्ट खटकली. मी म्हटलं, "चाचा, हे करकरत काऊन नाईत?"

"करकरले तर जनावर पळून नाई जाणार? शिकारी बुटाचा आवाज नसते."

मला आवाज हवा होता, त्यामागे आई होती. आईच्या लहानपणी त्यांच्या गावात वरच्या आळीतून जायचं तर आमच्या लोकांनी चपला काढून हातात घ्यायच्या. आई तशीच चालली होती, चपला हातात, मान खाली. मेलेलं जनावर ओढून न्यायचं कामही आमच्याच वाट्याला. दीक्षा घेतल्यावर घरानं ते सोडलं आणि आईनं मनाशी ठरवून टाकलं, की चामड्याला पुन्हा हात लावायचा नाही. घालायचं ते ठीक. पण माझी शाळेची चप्पल तुटली तरी ती उचलायची नाही, पायानं बाजूला सारायची.

बूट दाखवले तेव्हा ती दारातच उभी राहिली. खालून वरपर्यंत मला पाहिलं. नऊवारीतली माझी आई आणि पाचवारीखाली शिकारी बूट घातलेली मी, शेजारणींना महिनाभर पुरेल एवढा विषय झाला. आई हसली नाही.

"चांगले हायेत," ती म्हणाली. "पण तेल तूच लावजो वं. मी चामड्याले हात नाई लावत."

"तुले कोण सांगून राह्यलं?"

"आन् एक आयक. हे पायताण कोनापुढं काढजो नोको. कोनी बी असो."

"नाई काढत," मी म्हटलं. हा दुसरा शब्द मी दिला.

बूट घेऊन उपकेंद्रावर आले तशी कंपाउंडरनं सलामी ठोकली. बाई मिलिटरीत भरती झाल्या म्हणे. मी त्याला तोंडभरून सुनावलं आणि रोज संध्याकाळी शेजारच्या टेकडीवर चढउतार सुरू केली. टाचा सोलल्या, खोबरेल लावलं, पुन्हा चढले. एकदा चामड्यानं पायाचं वळण घेतलं की मग त्रास नाही, पण तोवर दातओठ खावे लागतात.

बूट सांभाळणं हे एक वेगळंच बाळंतपण होतं. चिखल वाळायच्या आत ओल्या फडक्यानं पुसायचा. नाड्या काढायच्या, तोंड पूर्ण उघडायचं, आत धानाची कोरडी तणीस, म्हणजे पेंढा, भरायची, ती ओल ओढून घेते. सावलीत वाळवायचे, चुलीजवळ कधीच नाही, चामडं एकदा तडकलं की संपलं. घालायच्या आधी उलटे करून झटकायचे, कारण विंचवालाही ऊब आवडते. तेलासाठी मी गावातल्या बायांचं ऐकलं आणि टोरीचं तेल घेतलं. टोरी म्हणजे मोहाचं बी. त्या तेलात मेण वितळवून लावलं तर पाण्याचा थेंब बुटावर थांबत नव्हता. मी खूश. पण आमच्याकडे त्याच तेलात भाजी फोडणीला पडते, हे माझ्या डोक्यातून गेलं आणि उंदरांच्या डोक्यातून गेलं नाही. सकाळी पाहते तर एका बुटाची कड कुरतडलेली. कपाळाला हात लावला. त्या दिवसापासून बूट आढ्याला टांगायला लागले आणि तेलात कडुनिंबाचं तेल घातलं. वास असा की कंपाउंडरनं सलामी बंद केली.

पोळा झाला आणि त्या सुनेचा नवरा भर पावसात उपकेंद्राच्या दारात उभा राहिला. रात्रीपासून कळा सुरू होत्या. मी बॅग उचलली, नाड्या घट्ट बांधल्या, निघालो. नाला मांडीएवढा होता. बाहेर आल्यावर बुटात पाणी होतंच, पण गमबुटासारखं भरलेलं नाही, चार पावलांत पिळून निघालं. पुढे बांबूचं रान लागलं. गेल्या वर्षीची जागा मी ओळखली. पायाखाली एक खुंट कचकन लागला, टायरला घासून आडवा झाला, आणि मी चालत राहिले. त्या क्षणी मला झालेला आनंद मी कुणाला सांगितलेला नाही. सुनेचा नवरा पुढे बिनआवाजाचा चालत होता आणि मागे मीही बिनआवाजाची. चाचांची तारीफ करावीच लागली.

खिंडीच्या तोंडाशी सुनेची सासू उभी होती. डोक्यावर कापडाची चुंबळ, हातात छत्रीसारखं मोठं पान. पुढे दाट झाडी होती आणि झाडीतून वाट पलीकडे जात होती. नवऱ्यानं चप्पल काढून कमरेला खोचली.

"पायताण काढा, बाई," म्हातारी म्हणाली. "पेन हाय इथी." पेन म्हणजे त्यांचा देव. त्याच्या झाडीतून गाव अनवाणी जायचं.

माझं डोकं सणकलं. खुंटाच्या रानात अनवाणी जायचं, हे एक. पण खरं कारण ते नव्हतं. आईच्या हातातल्या चपला मला दिसल्या. मी म्हटलं, "मी नाही काढणार. मी तुमचा देव मानत नाही, आणि पायताण मी कुणापुढं काढत नाही."

नवऱ्याचं तोंड उतरलं. तो आत एक पाऊल टाकायचा, माझ्याकडे बघायचा, पुन्हा मागे यायचा. वर त्याची बायको कळा देत होती आणि तो मला ओढूनही नेऊ शकत नव्हता. दोन शब्द दिले होते मी, एक वरच्या बाईला आणि एक आईला, आणि दोन्ही इथे एकमेकांच्या आड आले होते.

"कोण कोण काढते इथी?" मी विचारलं.

"सारेच."

"गावचा पाटील?"

"तो बी."

"साहेब आला तर?"

"साहेब बी काढते." म्हातारी माझ्या बुटांकडे पाहत होती. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "बाई, इथून वाघ बी पायताण घालून नाई जात."

मला हसू आलं. राग एकदम गळूनच पडला. मी दगडावर बसले आणि नाड्या सोडायला घेतल्या. सुती नाड्या पाण्यानं फुगून गाठी दगड झाल्या होत्या, चाचांचं ऐकायला हवं होतं. म्हातारी समोर उकिडवी बसली आणि नखांनी गाठी सोडवू लागली. बूट निघाले तसे तिनं ते उचलले, चिखलासकट, आणि डोक्यावरच्या चुंबळीवर ठेवले.

"अहो, द्या इकडे," मी म्हटलं. "मी धरते."

"तुमी बॅग धरा. पोरीसाठी लागते ते त्यात हाय."

आणि ती चालू लागली. वाट झाडलेली होती. दोन्ही बाजूंचे खुंट मुळाशी तासून जमिनीबरोबर केलेले. मी नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, "तुमचा पाय फुटला होता न. इथी बूट चालत नाई, म्हून आमी आधीच साफ केलं." म्हातारीच्या मागे मागे मी जवळजवळ पळत गेले.

दुपारी बाळ झालं. मुलगी. आधी रडलीच नाही. नाकातोंडातला चिकटा काढला, पाठ चोळली, पालथी धरली, तळव्यांवर टिचक्या मारल्या. मी मनात तिला शिव्या देत होते, रड बाई, एकदा रड. ती रडली. सुनेनं भिंतीकडे तोंड केलं आणि तीही रडायला लागली. नंतर पाहिलं तर माझे बूट आढ्याला टांगलेले होते, मक्याच्या बियाण्याच्या कणसांशेजारी.

पुढच्या सुट्टीत घरी गेले. बूट ओसरीवर घेऊन तेल लावत बसले आणि शेजारी तांदूळ पाखडणाऱ्या आईला सगळं सांगितलं. लपवलं नाही. पायताण काढलं हे ऐकून तिचे हात सुपातच थांबले.

"तिथले लोक बी काढतेत?"

"सारेच काढतेत. पाटील बी."

"मंग ठीक हाय." तिनं पुन्हा दोनदा पाखडलं. "आन् तू हातात घेऊन चालली?"

"नाही. म्हातारीनं घेतले. डोक्यावर."

आईनं सूप खाली ठेवलं. "डोक्यावर? तुये पायताण?"

"हो. चिखलासकट."

मग ती सरकून माझ्याजवळ आली, तेलाची वाटी पुढे ओढली आणि दुसरा बूट उचलून मांडीवर घेतला.