उंबऱ्यातून सांगितलेल्या वायरी

रोज एक पान फाडायची भिंतीवरची कॅलेंडरं नरसिंहरावांच्या छापखान्यात निघत. कुंभकोणम्‌पासून पापनाशम्‌पर्यंत ज्या भिंतीवर आमचा मुरुगन किंवा आमचा वेंकटेश नाही अशी भिंत दाखवा, असं ते म्हणत. पूर्वी सगळी पानं खिळे जुळवून व्हायची. पुढे कॉम्प्युटर आले आणि त्यांच्या मागोमाग तुळसी आली.

तुळसीचा नवरा जानकीराम काविळीने गेला तेव्हा ती तिशीच्या आतच होती. मूल नव्हतं. सासू गोमतीबाई नको नको म्हणत असताना तिने तंजावरला बसने येऊन-जाऊन कॉम्प्युटरचा डिप्लोमा पुरा केला. नरसिंहराव आपल्याच मराठी मंडळींपैकी, लांबच्या नात्यातले. त्यांनी तिला कामावर घेतलं तेव्हा गावात त्यांचं कौतुक झालं. तिचं कुणी केलं नाही.

अठ्ठ्याण्णव सालच्या उन्हाळ्यात छापखान्यात एक नवी डिस्कपेटी आली. सगळी पानं, सगळी देवांची रंगीत चित्रं त्या पेटीत राहणार होती, आणि मुख्य कॉम्प्युटर तिथून ती काढणार आणि परत ठेवणार होता. पेटीच्या आणि सगळ्या कॉम्प्युटरांच्या वायरी त्यांना एकमेकांशी जोडणाऱ्या एका स्विचमध्ये आणून खोचल्या, आणि काम चालायच्या ऐवजी अडायलाच लागलं. वेंकटेशाचं चित्र अर्ध्यावर येऊन थांबे. कॉम्प्युटर विभागाचा प्रमुख चंद्रमौली पेटी विकणाऱ्यांना शिव्या घाली आणि कॉफी प्यायला जाई.

तुळसीने स्विचचं पुस्तक घरी नेऊन वाचलं आणि नरसिंहरावांना त्यांच्या भाषेत सांगितलं. "मामा, देवळाचा रथ निघाला की त्या वीथीत सायकली सोडतात का? इथे पेटीकडे जाणारं चित्र म्हणजे रथ. आणि टेबलांवरून होणारी किरकोळ ये-जा म्हणजे सायकली. दोन्ही एकाच वाटेने चालली आहेत."

"मग?"

"रथाला वेगळी वीथी देते."

तिने स्विचची पहिली चार भोकं बाजूला काढली. मुख्य कॉम्प्युटरच्या काळ्या वायरींसाठी दोन, पेटीच्या काळ्या वायरींसाठी दोन. ही चार भोकं फक्त एकमेकांशी बोलतील आणि बाकीच्या भोकांना ती दिसणारसुद्धा नाहीत, असं तिने स्विचला बजावून ठेवलं. किती वेगाने बोलायचं हे स्विच आणि पेटी आपापसात ठरवत आणि त्यांचं एकमत होत नसे, म्हणून तिने तेही दोघांकडे पक्कं करून टाकलं. त्यानंतर वेंकटेश अर्ध्यावर थांबला नाही. रोज संध्याकाळी सगळे घरी गेले की ती मागे थांबून पेटीतल्या दिवसभराच्या कामाची टेपवर नक्कल काढी, पेटी कधी बिघडली तरी काम बुडू नये म्हणून. ते तिला कुणी सांगितलं नव्हतं.

नवरात्राच्या तोंडावर चंद्रमौलीला चेन्नईत नोकरी मिळाली. नरसिंहराव तुळसीला म्हणाले, "विजयादशमीला मुहूर्तावर तू त्याच्या खुर्चीवर बस. नव्या वर्षाचं पहिलं पान तूच काढ." त्या दिवशी तुळसी घरी चालत गेली, बसने नाही.

विजयादशमीच्या आदल्या दिवशी आयुधपूजा. त्या दिवशी कुंभकोणम्‌मध्ये हातोडीपासून बसपर्यंत प्रत्येक हत्यार धुतलं-पुसलं जातं, त्याला गंध-कुंकू लागतं, आणि त्याला कुणी कामाला लावत नाही. छापखान्यातही तेच. त्या पूजेला तुळसी नसे. ये असं कुणी म्हणत नसे, येऊ नको असंही नाही. नरसिंहरावांच्या पत्नी धनलक्ष्मीमामी दर वर्षी म्हणत, "तू दमलेली असतेस गं, विश्रांती घे." कुंकवाचं ताट फिरणार तिथे विधवा बाई नको, याचं ते घरंदाज भाषांतर होतं.

पूजेची तयारी मामींच्या भावाकडे, सुंदररावांकडे होती. कागदाचं गोदाम ते सांभाळत. तुळसी त्यांच्याकडे गेली.

"अण्णा, एक विनंती आहे. स्विचच्या वायरी काढू नका. वरून पुसा, गंध लावा, फूल ठेवा. पण कुठली वायर कुठल्या भोकात, याला अर्थ आहे."

"न्हाऊ घातल्याशिवाय कुठल्या देवाला गंध लावतात, सांग बघू?"

"ह्या एका देवाला पारोसा राहू द्या."

"उद्याची प्रमुख तू. आजपासूनच हुकूम सुरू?" सुंदरराव हसले. "बरं बाई. नाही काढत."

विजयादशमीला ती आली तेव्हा मंडळी कॉम्प्युटरच्या खोलीत जमली होती. मामींच्या हातात आरतीचं ताट होतं. नरसिंहरावांनी घड्याळ पाहिलं आणि खुर्ची पुढे केली. तुळसी बसली. मुख्य कॉम्प्युटर सुरू केला, पहिलं पान मागितलं.

पान आलं नाही. दुसरं मागितलं, तेही नाही. पेटी सापडत नाही, एवढंच पडद्यावर येत होतं.

"उन्हाळ्यापासूनचं सगळं काम आहे त्यात," नरसिंहराव हळूच म्हणाले.

तुळसीने मान वळवून स्विचकडे पाहिलं. तो लखलखत होता. चंदनाचे ठिपके, मध्ये कुंकू, वर शेवंतीची माळ. कुठली वायर कुठे ते लिहून तिने डकवलेल्या चिठ्ठ्या गेल्या होत्या. दाराला दोन बाजूंनी केळी बांधतात तशा चार काळ्या वायरी दोन या टोकाला, दोन त्या टोकाला खोचल्या होत्या. मुख्य कॉम्प्युटर वेगळ्या वीथीत होता आणि पेटी सायकलींच्या गर्दीत.

"अण्णा, वायरी काढल्या होत्या?"

"धूळ किती होती त्यात," सुंदरराव म्हणाले. "परत लावल्याच की. आधीपेक्षा नीट."

"काही गेलेलं नाही, मामा. सगळी पानं पेटीत आहेत. चार वायरी हलवल्या की झालं." ती उठून स्विचकडे निघाली.

"थांब." मामींनी ताट खाली ठेवलं. आवाज चढवला नाही. "काल पूजा झाली तोवर सगळं ठीक होतं. आज पहिला हात कुणाचा लागला, ते मी बोलत नाही. पण आता आणखी नको."

तुळसीने नरसिंहरावांकडे पाहिलं. वायरी कुणी काढल्या हे त्यांनी आत्ताच कानांनी ऐकलं होतं. ते बायकोकडे पाहत होते, मग घड्याळाकडे पाहू लागले.

"मुहूर्त टळतोय," ते म्हणाले. "तुळसी, तू तोंडाने सांग. सुंदर करेल. तसं काय, कामाशी काम."

मामींनी उंबऱ्याकडे बोट केलं. तुळसी उंबऱ्याबाहेर जाऊन उभी राहिली आणि तिथून सांगू लागली.

"उजव्या टोकाच्या दोन्ही काळ्या काढा. आता डावीकडून तिसरं भोक. त्यातली टेबलाकडची पांढरी काढून उजवीकडे लावा. नाही अण्णा, ते चौथं. तिसरं."

"तिसरंच आहे हे."

"त्याच्या अलीकडचं."

सुंदररावांनी चारही वायरी खोचल्या. खुर्चीवर बसून सांगितलेलं बटण दाबलं. पहिलं पान उघडलं, वर वेंकटेश, खाली राहूकाळाची वेळ, सगळं जागच्या जागी. खोलीत सगळ्यांनी एकदम श्वास सोडला.

"सुंदरचा हातच गुणाचा," मामी म्हणाल्या, आणि त्यांनी भावाच्या कपाळाला कुंकू लावलं. ते खुर्चीवर बसलेलेच होते. त्यांना उठा असं कुणी म्हटलं नाही.

दुपारी नरसिंहरावांनी तिला बोलावलं. "तू त्याला शिकव. काम तूच बघणार आहेस, ते मला माहीत आहे. खुर्चीचं काय गं एवढं."

"खरं आहे, मामा," तुळसी म्हणाली. "खुर्चीचं काय."

घरी गोमतीबाई वाट पाहत होत्या. "बसलीस का?"

"सुंदरराव बसले."

"आणि काम?"

"काम माझंच, आत्याबाई."

गोमतीबाईंनाही विधवा होऊन पंचवीस वर्षं झाली होती. "मग बरंच झालं," त्या म्हणाल्या. "लोकांच्या तोंडी यायला नको." तुळसीने त्यांच्या पानात भात वाढला आणि स्वतःला वाढून न घेता भांडी घासायला काढली.

दुसऱ्या दिवशी छापखाना सुटायच्या वेळी ती सगळ्यांबरोबर उठली. सुंदररावांनी खुर्चीतून विचारलं, "निघालीस? तू तर मागे थांबायचीस. काय गं असायचं ते?"

"पेटीतल्या कामाची नक्कल काढायची. ते प्रमुखाचं काम आहे, अण्णा. शिकवू का?"

"बघू सावकाश," ते म्हणाले.

त्यांनी ते कधी पाहिलं नाही. तुळसी त्या छापखान्यात आणखी बरीच वर्षं राहिली आणि रोज सगळ्यांबरोबर उठून घरी गेली. उरलेल्या टेपा कपाटात कोऱ्याच राहिल्या. डिस्कपेटी मात्र चांगली निघाली, कधी बिघडली नाही. त्यामुळे ही बाई इतके दिवस संध्याकाळी मागे थांबून जे करत होती, त्याचं मोल तिथे कुणाला कळायची वेळच आली नाही.