भिंतीपलीकडचे मामा

सगळी गल्ली त्यांना 'मरणारे मामा' म्हणायची. धंद्यानं शिंपी, पण हौशी नाटक मंडळीत मरायची भूमिका निघाली की ती हमखास मामांच्या गळ्यात पडायची. त्यांच्यासारखं कळवळून ओरडणं दुसऱ्या कुणाला जमायचंच नाही. मामांनी कधी कुरकुर केली नाही. वडिलांनी शिलाई मशीनवर बसवलं, बसले. मामींनी माळा आवरायला सांगितला, आवरला. एका गिऱ्हाइकानं बाही चार बोटं आखूड करायला सांगितली, तेव्हा मनगट उघडं पडणार हे दिसत असूनही मामांनी मुकाट्यानं कापली, आणि वर त्याच गिऱ्हाइकाच्या शिव्या खाल्ल्या. "तुमच्या मानेला एकच दिशा ठाऊक आहे, खाली," असं मामी म्हणायच्या.

असा माणूस कॉलेजातल्या मानसशास्त्राच्या प्रोफेसरांनी बरोबर हेरला.

प्रयोग असा होता. जाहिरात वाचून आलेल्या माणसाला सांगायचं की ही स्मरणशक्तीची चाचणी आहे. त्यानं शब्द विचारायचे, भिंतीपलीकडच्या मामांनी उत्तर चुकवायचं, की त्यानं बटण दाबून मामांना विजेचा झटका द्यायचा. दर चुकीला झटका वाढता. वीज कुठेच नव्हती. होता तो फक्त मामांचा गळा. दहाव्या बटणाला कण्हायचं, पंधराव्याला "मला सोडा" म्हणायचं, विसाव्याला भिंतीवर लाथ मारायची आणि तिथून तिसाव्यापर्यंत गप्प पडून राहायचं. समोरचा कचरला, की पांढऱ्या कोटातले प्रोफेसर एवढंच म्हणायचे, "पुढे चालू ठेवा." अधिकाराच्या माणसाचं ऐकून साधी माणसं कुठवर जातात, हे त्यांना बघायचं होतं. सगळं संपल्यावर मामांना बाहेर आणून त्या माणसाला खरं काय ते सांगायचं.

माणसं फार पुढे जात होती. मामा आधी खुशीत होते, कारण इतकं कान देऊन ऐकणारा प्रेक्षक त्यांना जन्मात मिळाला नव्हता. दुसऱ्या आठवड्यात मात्र त्यांना घास गोड लागेना.

"चांगली माणसं असतात गं," ते मामींना म्हणाले. "घाम पुसतात, माफी मागतात आणि बटण दाबतात."

"आणि तुम्ही काय करता?"

"मी ओरडतो. सरांनी सांगितलंय ना."

मामींनी भांडी आवरायला घेतली.

तिसऱ्या आठवड्यात एक निवृत्त शिक्षिका आल्या. विसावं बटण झालं, मामांनी लाथ मारली आणि ठरल्याप्रमाणे गप्प झाले.

"अहो, ऐकताय ना?" पलीकडून बाईंनी विचारलं. "नुसतं हूं म्हणा."

मामांनी ओठ घट्ट मिटले.

"सर, ते बोलत नाहीयेत हो. कुणीतरी बघून तरी या."

"पुढे चालू ठेवा."

बटणाचा आवाज आला. मग बाईंच्या रडण्याचा. मग पुन्हा बटणाचा. त्या शब्द विचारत होत्या, हुंदक्यात ते अडकत होते, आणि तरी त्या विचारत होत्या. एक 'हूं' पुरला असता. या बाईला कोण छळतंय असं कुणी विचारलं, तर प्रोफेसरांच्या बरोबरीनं आपलंच नाव निघेल, हे मामांना लख्ख कळलं आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. उठलो तर दिवसाची मेहनत वाया, सर भडकणार, काम जाणार. मामा उठले आणि दार उघडून बाहेर आले.

"बाई, मला काही झालेलं नाही. वीजबीज काही नाही यात. मी नाटकातला माणूस."

बाईंनी त्यांचे दोन्ही हात धरून उलटसुलट करून पाहिले. प्रोफेसर लालबुंद झाले होते.

"तुम्हाला बाहेर यायला कुणी सांगितलं?"

मामांनी खरोखरच आठवून पाहिलं. "कुणीच नाही, सर."

प्रोफेसर पुढचं वाक्य विसरले. खुर्ची ओढून ते बसले आणि हातातल्या वहीत लिहू लागले, 'आज एकानं ऐकलं नाही.'

"मला का नाही उठता आलं?" बाईंनी हळूच विचारलं.

"मला तीन आठवडे लागले," मामा म्हणाले. "उठायचं तर अजूनही उठता येतं, बाई."

बाईंनी सवयीनं प्रोफेसरांकडे पाहिलं. ते मान खाली घालून लिहीत होते. त्यांनी मान वर करायची वाट बाईंनी पाहिली नाही. त्या उठल्या.