आक्काचा कोरा हात

अजूनही कुणी रिपोर्ट हातात नाचवत "निगेटिव्ह हाय, काळजी न्हाई" म्हणालं की माझं डोकं फिरतं.

गावोगावी एसटीडीचे बूथ नव्यानं निघत होते, त्या वर्षांतली गोष्ट. माझी थोरली बहीण, आक्का, ऊसतोडीवरून उमापूरला परतली ती खोकतच. हाडं तेवढी उरली होती. आईनं तिला गेवराईला एका डॉक्टरकडे नेलं. मी तिच्या शेजारी झोपायचे म्हणून मलाही नेलं. त्यानं दोघींच्या हातावर टीबीची सुई टोचली, पेनानं गोल काढला आणि तिसऱ्या दिवशी बोलावलं.

माझा हात टम्म फुगला होता. आक्काचा कोरा. त्यानं पट्टी लावून माझी गाठ मोजली, आक्काच्या छातीला नळीसुद्धा लावली नाही. "हिला नुसता अशक्तपणा आहे. औषध धाकटीला चालू करा."

"पन डॉक्टरसाब, लई खोकती की ही," आई म्हणाली.

"डॉक्टर तुम्ही की मी?"

झालं. अंडी मला, दूध मला. मी धडधाकट, भाकरी हाणणारी पोरगी. आणि आक्का खोकत खोकत माझ्या गोळ्या काढून द्यायची. "खा गं बाई, तोंड वाकडं करू नकू. माजं काय, मला काय बी झालं न्हाई." हे ती खुशीत सांगायची, त्याचाच मला सगळ्यात जास्त संताप येतो. दिवाळीनंतर कोयता घेऊन ती परत तोडीला गेली.

आज मी बीडच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. शरीराचं रक्षण करणाऱ्या टी पेशींनी सुईतला जंतूचा अंश ओळखला की त्या केमोकाइन नावाची द्रव्यं सोडतात. ती जणू हाक असते. ती ऐकून रक्तातल्या बाकीच्या पेशी तिथं धावतात, म्हणून गाठ उठते. आक्काकडूनच आलेला जंतू ओळखून माझं धडधाकट शरीर हाक मारत होतं. आक्काच्या पोखरलेल्या शरीरात तेवढंही त्राण नव्हतं. अशा माणसाचा हात कोरा राहू शकतो, हे तेव्हाही डॉक्टरकीच्या पुस्तकात होतं. मेल्यानं उघडलं नसेल.

आक्का उसाच्या फडातच रक्त ओकली. टेम्पोतून आणली तेव्हा काही हातात राहिलं नव्हतं; ती गेली. त्याच डॉक्टरनं आईला सांगितलं, "धाकटीचा टीबी हिला लागला."

आईला मी कागदावर पेशी काढून दाखवल्या, किती वेळा समजावलं. ती मान हलवते. सुट्टीत घरी गेले की माझा पाण्याचा तांब्या अजून वेगळा असतो.