शनिवारी येणारा उपग्रह

ज्वालामुखी फुटण्याआधी डोंगर तव्यावरच्या भाकरीसारखा हळूच फुगतो. उपग्रहाच्या रडारने काही आठवड्यांच्या अंतराने घेतलेली दोन चित्रं ताडून पाहिली की ते फुगणं सेंटिमीटरमध्ये सापडतं. हे कळलं तेव्हा, नव्वदच्या दशकाच्या मध्यात, मला अक्षरशः वेड लागलं होतं. परदेशातल्या एका ज्वालामुखीवर जाणाऱ्या तुकडीत माझे संशोधनाचे सर मला घेणार होते, पण अट होती: आधी इथे एक सेंटिमीटर पकडून दाखव. नाहीतर बस घरी.

वेल्डिंगवाल्याकडून मी लोखंडी पत्र्याचे दोन तिकोनी कोपरे करून घेतले. रडारचा किरण त्यात शिरला की आल्या वाटेने परत जातो आणि चित्रात ठळक ठिपका उमटतो. पण उघड्यावर पत्रा टिकतो कुठं? म्हणून शिंगणापूरच्या रस्त्याला असलेलं आत्याचं वावर निवडलं. ज्या गावात घराला दार नाही, तिथं माझा पत्रा कोण नेणार? केवढी माझी अक्कल!

एक कोपरा गोठ्यामागे कायमचा पक्का. दुसरा रस्त्याकडेला, तीन पायांवर. उपग्रहाच्या पहिल्या फेरीनंतर तो स्क्रूने बरोब्बर एक सेंटिमीटर उचलायचा, की झाला आमचा ज्वालामुखी. उपग्रह दर पस्तीस दिवसांनी यायचा, म्हणजे वार कायम तोच. आणि तो निघाला शनिवार.

चोरी राहिली बाजूला. दर्शनाला आलेल्या लोकांनी रस्त्याकडेचं ते लोखंड पाहिलं आणि त्याला तेल घातलं, रुईची माळ घातली, काळे उडीद वाहिले. मी कपाळाला हात लावला. आत्याचं म्हणणं, लोखंडाचं हाय, शनिवारीच वरून बघणारा येतो, मग आनी काय पायजे? मला हसू आवरेना. माळा काढल्या, सेंटिमीटरभर उचललं, हात लावू नकोस म्हणून तिला बजावलं आणि पुणं गाठलं.

दुसऱ्या फेरीच्या चित्राची टेप आली. उत्तर निघालं दोन सेंटिमीटर! तीनदा गणित केलं, तीनदा दोन. सरांनी तुकडीसाठीचा माझा अर्ज खणात टाकला. मी रडले आणि सकाळच्या एसटीने सरळ आत्याकडे आले.

पिठलं वाढता वाढता तिने सगळं ऐकलं. मग तिचा हात थांबला.

"म्या उचलला त्यो," ती म्हणाली. "देव मातीत टेकलेला बरा दिसंना. तिन्ही पायांखाली कौलाचे तुकडे सरकवले. पर तुला कसं कळलं गं?"

मी पट्टी घेऊन धावले. तुकडे एकेक सेंटिमीटर जाड! उष्ट्या हाताने मी आत्याला धरून असं गरागरा फिरवलं की गोठ्यातली म्हैस बिथरली. मला नाही कळलं, त्या वरच्याला कळलं, म्हटलं.

आत्याने आभाळाकडे बघत पदर सावरला. "आगं बया, म्हंजी त्यो खरंच बघतो."

सरांनी तिन्ही तुकडे स्वतः मोजले, खणातून अर्ज काढला आणि सही करता करता विचारलं, ज्वालामुखीवर आत्या येतील का.