हात खाली

बसमध्ये, जैनांच्या बस्तीत देवासमोर, लग्नाच्या पंगतीत, कुठेही कुणी डोळा चोळताना दिसला की डॉक्टर आक्का त्याच्या मनगटावर चापट मारत. ओळख असायची गरज नसे. "हात खाली!" एवढंच म्हणत. समोरचा कन्नड वाटला तर "कै केळगे!" पुतण्याच्या लग्नात होमाच्या धुरानं बेजार झालेल्या पंडितांचा हात त्यांनी भर विधीत खाली ओढला होता. पंडित मंत्र विसरले आणि नवरानवरी एकमेकांकडे बघत बसली. आक्कांना त्याचं काही वाटलं नाही. "मंत्र परत म्हणता येतोय," त्या म्हणाल्या.

नाव पद्मावती, माहेर सदलग्याचं, डोळ्यांचा दवाखाना निपाणीत. लग्न त्यांनी केलं नव्हतं, आणि का केलं नाही हे विचारायची आमच्या गल्लीत कुणाची छाती नव्हती. सगळा गाव त्यांना डॉक्टर आक्काच म्हणायचा.

आमची गाठ पडली ती बेळगाव–निपाणी बसमध्ये. मी बेळगावात एका कॉलेजच्या ऑफिसात कामाला आणि धाकटी बहीण सुजी तिथंच शिकायला. शनिवारी आम्ही घरी यायचो. सुजीला बसची पाटी वाचता यायची नाही. ती मला विचारून चढायची. चष्म्याचा नंबर सारखा बदलायचा. आई म्हणायची मोबाईलमुळे, चष्मेवाला म्हणायचा वयामुळे, आणि नवा चष्मा आला तरी पाटी काही दिसायची नाही. त्या दिवशी बसल्या बसल्या तिनं चष्मा काढला आणि बोटांच्या पेरांनी डोळे असे चोळायला लागली, की मला शेजारी आवाज येत होता. पलीकडच्या सीटवरच्या बाईंनी हात लांब करून चापट दिली.

"हात खाली, गं!"

मी भांडायच्या तयारीनं वळले, तर डॉक्टर आक्का. त्या माझ्याकडे बघतही नव्हत्या.

"चष्मा सारखा बदलतोय?"

"व्हय," सुजी घाबरून म्हणाली.

"रात्री दिव्याला शेपूट फुटल्यागत दिसतंय? अक्षरावर अक्षर चढतंय?"

सुजीनं चष्मा परत डोळ्यावर चढवला. मग हळूच "व्हय" म्हणाली. हे तिनं मलाही कधी सांगितलं नव्हतं.

"घरात कोण तंबाखूत हाय?"

"आई. वखारीत."

"उद्या दवाखान्याकडं या. आईला घेऊन या."

निपाणीत डोळे खाजणं ही तक्रारच नव्हे. वखारीत तंबाखू चाळताना खकाणा उडतो, तो बायकांच्या लुगड्यातून घरी येतो आणि पोरांच्या अंथरुणापर्यंत पोचतो. त्यावरचा उपायही घरोघरी एकच. पदराचा बोळा करायचा, तोंडाशी धरून त्यात गरम वाफ सोडायची आणि डोळ्यावर दाबून गोल गोल फिरवायचा. सुजी लहानपणापासून डोळा खाजला की आईच्या मांडीवर डोकं टाकायची, आणि आई हातातलं काम सोडून बोळा करायची. मलाही ती वाफ आठवते. तंबाखूचा वास असायचा तिला.

आक्कांनी सुजीला बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात पाठवून डोळ्यांचा नकाशा काढून आणायला लावला. यंत्रातून निघालेल्या त्या रंगीत चित्रात दोन्ही डोळ्यांत मधोमध तांबडा डाग होता. आजाराचं नाव केराटोकोनस. "नाव तरी सोपं ठेवायचं," आई म्हणाली.

"नावाचं सोड, शांता. उडदाचा पापड मधी पातळ लाटलास तर तळताना काय हुतंय?"

"तिथंच फुगतोय."

"व्हय. डोळ्याच्या पुढं काचंसारखा पडदा असतोय. हिचा मधी पातळ झालाय, म्हणून पुढं आलाय. सगळ्यांचं असं हुत न्हाय. हिचा पडदा मुळातच कच्चा, त्यावर खाज, आणि खाजंवर हिचं चोळणं. म्हणून चोळणं बंद. डोळ्यात पिवळं औषध घालायचं, वरून जांभळा उजेड धरायचा. पडदा घट्ट हुतोय, फुगायचा थांबतोय."

"मग बरं कधी हुणार?"

"बरं हुत न्हाय. हाय ते राखू."

हे 'हाय ते राखू' आक्का प्रत्येक पेशंटला सांगत. काचबिंदूवाल्या म्हाताऱ्यालाही तेच आणि साखरेच्या आजारानं डोळे अधू झालेल्या शेटजींनाही तेच. गोड बोलून माणसाला घरी पाठवणं त्यांना जमतच नव्हतं. त्यामुळे निम्मा गाव त्यांना फटकळ म्हणायचा आणि डोळा दुखला की पुन्हा त्यांच्याच दारात उभा राहायचा.

आईला मात्र ते झोंबलं. "बरं करत न्हाय ती कसली डॉक्टर? आणि डोळ्यावर उजेड म्हणं. हाय ती नजर जळली म्हणजे?" उजेडाचं काम सुगी संपेपर्यंत लांबलं, मग परीक्षेपर्यंत, मग मामाच्या घरच्या लग्नापर्यंत. खाजेसाठी दिलेले थेंब मात्र आई वेळेवर घालायची. आणि सुजी डोळ्याकडे हात नेताना दिसली की तिच्या आधी जाऊन बोळा करायची. चोळू नको असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि आईच्या हिशेबी ती चोळत नव्हतीच. ती शेकत होती. आमच्याकडे कुणीही हेच सांगितलं असतं.

पुन्हा नकाशा काढला तेव्हा तांबडा डाग पसरला होता. आक्का तो कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"उजव्याचा पडदा लई पातळ झालाय. त्याला आता उजेड सोसायचा न्हाय. डाव्याचं काठावर हाय." मग आईकडे वळल्या. "घरात काय करतीस, शांता? खरं सांग."

आईनं खरं सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, करून दाखवलं. पदराचा बोळा केला, वाफ सोडली आणि स्वतःच्याच डोळ्यावर दाबून फिरवला. "असं. चोळत न्हाय, आक्का. नुसतं शेकतो."

मला वाटलं, आता चापट बसणार. आक्का उठल्या, बेसिनला हात धुतले आणि आमच्यासमोर आपल्या उजव्या डोळ्यातून एक छोटी कडक काच काढून तळहातावर घेतली.

"ही न्हाय घातली तर ह्या डोळ्यानं मला तुझं तोंड दिसत न्हाय. डाव्यात दुसऱ्या माणसाचा पडदा बसवलाय, कुणीतरी मरताना दिलेला. माझी आईबी तंबाखूतच होती. असाच बोळा करायची." त्यांनी काच परत डोळ्यात बसवली. "लई बरं वाटायचं गं, शांता. आजबी आठवतंय."

आई रडायला लागली. "मीच घालवला व्हय पोरीचा डोळा?"

दुसरं कुणी असतं तर नाही म्हणालं असतं. आक्का म्हणाल्या, "थोडा तू, थोडं नशीब. माझ्या आईला कुणी सांगितलं न्हाय. तुला मी सांगायलोय. डावा अजून आपल्या हातात हाय."

"पोरगी तळमळायला लागली तर मी काय नुसती बघत बसू?"

"बघत कशाला बसतीस? गार पाण्याची घडी ठेव. थेंब घाल. आणि तरी हात वर गेला तर हात धर. धरून बस. शेकल्यागतच हाय ते."

पुढच्याच आठवड्यात बेळगावला डाव्या डोळ्याचं काम झालं. आक्का स्वतःचा दवाखाना बंद ठेवून आमच्याबरोबर आल्या आणि बाहेरच्या बाकावर आईशेजारी बसल्या. आई देवाचं नाव घेत होती. आक्का शेंगा फोडून खात होत्या आणि अधूनमधून तिच्याही हातावर ठेवत होत्या. नंतरचे काही दिवस सुजीचे फार वाईट गेले. डोळा ठणकायचा, पाणी वाहायचं. आईनं वखारीत रजा टाकली आणि पोरीचे दोन्ही हात आपल्या हातात घेऊन बसली. झोपेत सुजीचा हात हलला तरी आईची पकड घट्ट व्हायची. पुढे वखारीतून आल्यावर अंघोळ केल्याशिवाय घरात कशाला शिवायचं नाही, हा नियमही तिनं आपणच घालून घेतला.

डावा डोळा तिथंच थांबला. उजव्यात आक्कांच्यासारखीच कडक काच बसली. ती घालायला शिकताना सुजीनं घर डोक्यावर घेतलं, दोनदा फेकूनही दिली. एका सोमवारी आम्ही स्टँडवर उभ्या होतो. लांबून बस वळली आणि सुजी म्हणाली, "ताई, ही आपली न्हाय. ही चिकोडीची." बस जवळ आली. चिकोडीचीच होती. मी स्टँडवर सगळ्यांदेखत रडले, आणि मला त्याची लाज वाटली नाही. आक्कांना फोन केला तर म्हणाल्या, "बरं. काच रोज धुतीय न्हवं?"

गेल्या वर्षी आक्का गेल्या. पोटाचा आजार होता; कळला तेव्हा उशीर झाला होता. दवाखाना बंद करून त्या सदलग्याला भावाकडे जाऊन राहिल्या. तिथं आई आणि मी त्यांना शेवटचं भेटलो. एवढ्याशा झाल्या होत्या. काच काढून ठेवलेली आणि डाव्या डोळ्यातला पडदाही धुरकटलेला, त्यामुळे आम्ही दाराशी उभ्या राहिलो तरी ओळखल्या नाहीत. आवाजावरून ओळखलं.

"कशा हाय, आक्का?" आईनं विचारलं.

"हाय ते राखतो."

बोलता बोलता थकून त्यांनी डोळे मिटले. थोड्या वेळानं त्यांचा उजवा हात अंथरुणावरून उठला आणि सावकाश डोळ्याकडे गेला. चापट मारणारा तोच हात. आईनं तो मधेच धरला, खाली आणला आणि आपल्या दोन्ही हातांत घेतला.

आक्का डोळे न उघडताच हसल्या. "शिकलीस की गं."

"बरं हुईल, आक्का, तुम्हाला," आई म्हणाली.

"खोटं नको, शांता. हात तेवढा सोडू नको."

आईनं सोडला नाही. निपाणीची शेवटची बस दारावरून गेली, मी उठून उभी राहिले, पण आईनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.