बाकड्यावरचा चहा

बदलापूरहून येणाऱ्या त्या केमिकल तपासणाऱ्याचं नाव मी कधी विचारलं नाही. आमच्या अंबरनाथच्या कारखान्यात सगळे त्याला तुकडेवालाच म्हणायचे. आला की बॉयलरला अगदी चिकटून असलेल्या बाकड्यावर बसायचा, चहा बशीत ओतायचा आणि फुंकर मारत मोठमोठ्यानं अर्धं हिंदीत बोलायचा.

बॉयलरच्या नळ्यांत क्षार साचतो. तो काढणारं औषध लोखंडही खातं का, हे बघायला तो जुन्या नळीचा तुकडा दोऱ्यानं त्या औषधात सोडून जायचा. दुसऱ्या दिवशी तुकडा पुसून कडेवरून नख फिरवायचा. "चलेगा," म्हणायचा, मग चहा.

परवा मात्र चहा आधी आला. कॅम्प दोनच्या बाजारातून आणलेल्या स्वस्त औषधातून त्यानं तुकडा काढला, नख फिरवलं आणि तुकडा उजेडाकडे धरला. कड उंदरानं कुरतडल्यासारखी झाली होती.

"हे वापरू नका हां, भाऊ."

"शेठ थांबले नाहीत," मी म्हणालो. "रविवारीच बॉयलर धुतला या औषधानं."

त्यानं शेजारी धडधडणाऱ्या बॉयलरकडे बघितलं. भरलेली बशी जराही आवाज न करता बाकड्यावर ठेवली. "बंद करा," तो कुजबुजला. त्याला कुजबुजताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

मी बर्नर बंद केला आणि आम्ही सगळे गेटबाहेर जाऊन उभे राहिलो. प्रेशरचा काटा उतरतोय का, ते बघायला कुणीतरी आत जायला हवं होतं. ड्यूटी माझी होती. तुकडेवाला माझ्याकडे बघत नव्हता.